समाजकार्याची पदवी आणि आपली मुले

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. पालकांच्या भेटीचा शनिवार होता. पाथर्डी तालुक्यातील एक गृहस्थ धाकट्या मुलाला भेटून झाल्यावर माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसले. त्यांची थोरली मुलगीही आपल्याच शाळेची. दहावीनंतर नगरला राहून ती बी. ए. झाली आणि आता एम.एस.डब्ल्यू. करीन म्हणून हटून बसली होती. गृहस्थ म्हणाले, "सर, समाजसेवा फुकट करायची असती ना? मग तिला दोन वर्षं आन् फी कशापायी? डी.एड., बी.एड. म्हणली असती तर समजलो असतो. बाबासाहेबांनी कुठं केला होता असला कोर्स?"

मी घाईत होतो. "करू द्या, चांगला अभ्यासक्रम आहे," एवढेच म्हणालो. ते "बरं" म्हणून उठले, पण समाधान झाल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही. माझेही झाले नव्हते. हाच प्रश्न निराळ्या शब्दांत मी समाजातील पुष्कळ जाणत्या माणसांकडून ऐकला आहे. चळवळीत आयुष्य घातलेली माणसे म्हणतात, आम्ही कोणत्या कॉलेजात शिकलो होतो? नोकरी करणारे म्हणतात, त्या पदवीला पुढे काय आहे? आपल्या शाळेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष सुरू आहे आणि स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'विषय तुमच्या आवडीचा' अशी मोकळीक दिली आहे. तेव्हा त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे सविस्तर देतो.

आरंभ त्यांच्या शेवटच्या प्रश्नापासून करू. बाबासाहेबांनी समाजकार्याचा अभ्यासक्रम केला नव्हता, हे खरेच. पण ज्या काळात आणि ज्या शहरांत ते शिकत होते, त्याच काळात तेथे ही विद्या आकाराला येत होती. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली उन्हाळी वर्गाच्या रूपाने समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा ती शाळा त्याच शहरात चांगली रुजलेली होती. मेरी रिचमंड यांचा, व्यक्तीची अडचण पद्धतशीरपणे कशी समजून घ्यावी हे सांगणारा ग्रंथ १९१७ चा. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना त्या संस्थेच्या समाजविज्ञान व प्रशासन विभागात क्लेमंट ॲटली नावाचे अध्यापक शिकवीत असत. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत राहून काम केलेल्या या गृहस्थांनी १९२० साली 'द सोशल वर्कर' नावाचे पुस्तक लिहिले. पुढे हेच ॲटली इंग्लंडचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत भारत स्वतंत्र झाला. बाबासाहेबांची आणि त्यांची त्या वास्तूत गाठ पडली असेल की नाही, या तर्कात इतिहासाच्या विद्यार्थ्याने पडू नये. मला सांगायचे आहे ते एवढेच की, गरिबांमध्ये काम करायला अभ्यास लागतो, हा विचार त्या काळी जगाला नवा राहिला नव्हता.

आपल्याकडेही तो अगदीच अपरिचित नव्हता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले, ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग उभी केली. आपल्या नगरचे तर याहून जुने देणे आहे. १८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला येऊन मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून गेले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण याच फरारबाईंकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेल्या शेणाची कथा आपण दर तीन जानेवारीला सांगतो. पण त्या आधी रीतसर शिकवायला शिकल्या आणि मग वर्गात उभ्या राहिल्या, हे सांगायचे आपण विसरतो. तळमळ होती म्हणून त्यांनी प्रशिक्षण टाळले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाबासाहेबांनी समाजकार्याची पदवी घेतली नसली, तरी समाजकार्य म्हणजे काय यावरचे त्यांचे एक अत्यंत मोलाचे लेखन उपलब्ध आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ते आपल्या लोकांनीही फारसे वाचलेले नाही. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ च्या अखेरीस अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. अमृतलाल ठक्कर त्याचे सरचिटणीस होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, व्हिक्टोरिया या बोटीवरून, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी ठक्कर यांना एक दीर्घ पत्र लिहिले. ते पुढे त्यांनी 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या ग्रंथात छापले.

दलितांच्या उन्नतीचे काम करू पाहणाऱ्यांचे दोन पंथ असतात, असे ते या पत्रात मांडतात. पहिला पंथ मानतो की, माणूस हीन अवस्थेत आहे तो त्याच्या वैयक्तिक आचरणामुळे. म्हणून मद्यपान सोडवा, व्यायामशाळा काढा, वाचनालये काढा, शाळा काढा, एकेका माणसाला सद्गुणी करा. दुसरा पंथ मानतो की, माणसाचे नशीब त्याच्या भोवतीची परिस्थिती घडवते आणि परिस्थिती बदलल्याखेरीज तो बदलणार नाही. पहिल्या मार्गाने फार तर चार माणसे वर येतील. संपूर्ण वर्ग वर यायचा तर दुसराच मार्ग धरला पाहिजे, असे बाबासाहेबांचे म्हणणे. मग ते कामाचा आराखडा देतात: विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहन येथील नागरी हक्क प्रत्यक्ष बजावून घेण्याची मोहीम आणि त्यासाठी खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांचे दळ, नोकरी-धंद्यात समान संधी, त्यात कापडगिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना असलेल्या बंदीचा स्पष्ट उल्लेख, सामाजिक संपर्क, आणि शेवटी, हे काम कोणाच्या हातून करून घ्यायचे. कार्यकर्ते दलितांतूनच घ्यावेत, कारण प्रेमाशिवाय सेवा होत नाही, असा त्यांचा आग्रह आहे. मात्र समाजसेवेला शेवटचा आसरा करणारे लबाड आपल्यातही असतील, हेही ते तेथेच मोकळेपणाने मान्य करतात. या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, अशी नोंद बाबासाहेबांनी त्या ग्रंथात केली आहे.

या पत्रानंतर चार वर्षांनी, १९३६ साली, मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी तिचे पहिले संचालक. देशातील ही या प्रकारची पहिली संस्था. आज आपण तिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपूरला मातृसेवा संघाची संस्था आणि आपल्या नगरमध्ये हिवाळे शिक्षण संस्थेची सीएसआरडी अशी मालिका सुरू झाली. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती हे विषय सर्वत्र शिकवले जातात. वर्गासोबत आठवड्यातून साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असते. विद्यार्थी रुग्णालयात, वस्तीत, शाळेत वा खेड्यात जातो, केलेल्या कामाचा अहवाल लिहितो आणि पर्यवेक्षक तो वाचून त्याला प्रश्न विचारतात. माझ्या मते या पदवीचा प्राण क्षेत्रकार्यात आहे. पुस्तके घरी बसूनही वाचता येतात. पण आपण एखाद्याच्या उंबऱ्यात बसून काय बोललो, काय बोलायचे टाळले आणि का टाळले, हे लिहून दुसऱ्यासमोर ठेवायची शिस्त घरी बसून लागत नाही.

परंतु बाबासाहेबांनी बोटीवर लिहिलेला प्रश्न, म्हणजे दोष माणसात शोधायचा की परिस्थितीत, हा या शिक्षणाचा पहिला धडा असायला हवा होता. तो कित्येक वर्षे अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिला. टाटा संस्थेत पुढे दलित व आदिवासी अभ्यास आणि कृती या नावाने स्वतंत्र शाखा निघाली, तेव्हा कुठे जात हा समाजकार्याचा विषय म्हणून वर्गात आला. साठ-सत्तर वर्षे लागली.

आता एक कबुली. सात-आठ वर्षांपूर्वी वसतिगृहाचा भार माझ्याकडे होता. शेवगाव तालुक्यातील सातवीचा एक मुलगा एका सत्रात तीनदा पळून गेला. पहिल्या वेळी मी समजूत काढली, दुसऱ्या वेळी कार्यालयाबाहेर दिवसभर बसवून ठेवले, तिसऱ्या वेळी त्याच्या चुलत्याला बोलावून लेखी हमी घेतली. मुले त्याला 'पळपुटा' म्हणू लागली होती आणि मी त्यांना अडवले नाही. खरे सांगायचे तर एकदा तो शब्द माझ्याही तोंडून गेला.

त्याच वर्षी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तिच्या महाविद्यालयाने तिला क्षेत्रकार्यासाठी आपल्याकडेच पाठवले होते. तिला काय काम द्यावे हे मला कळेना, म्हणून मी म्हणालो, त्या मुलाकडे बघ. तिने त्याला 'का पळतोस' हे एकदाही विचारले नाही. कोणत्या गाडीने जातोस, तिकिटाला पैसे कुठून आणतोस, घरी पोचल्यावर आधी काय करतोस, असे विचारत राहिली. तो म्हणाला, पाणी भरतो. तिने माझ्याकडून हजेरीपत्रक मागून घेतले, तिन्ही वेळच्या तारखा वहीत उतरवल्या आणि पुढच्या शनिवारी दोन एस.टी. बदलून त्याच्या गावी गेली. आईबाप दिवाळी होताच टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेले. घरात सहा वर्षांची बहीण आणि डोळ्यांनी जवळपास न दिसणारी आजी. हापसा वस्तीपासून लांब. पोरगा पळून घरी जात होता तो रांजण भरायला आणि बहीण शाळेत जाते का ते बघायला. तिन्ही तारखा दिवाळीनंतरच्या होत्या, कोयता गेल्यानंतरच्या. हजेरीपत्रक माझ्याच कपाटात होते. इतिहासात एम. ए. झालेल्या माणसाला आपल्याच दप्तरातील तीन तारखा वाचता आल्या नाहीत.

पुढे ती गावच्या मुख्याध्यापकांना भेटली. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहाच्या योजनेत बहिणीची जेवणाची सोय झाली. पाण्याचे एका शेजारणीने अंगावर घेतले. त्यासाठी त्या मुलीला तीन खेपा घालाव्या लागल्या. मुलगा परत आला. सगळे छान झाले असे मात्र नाही. तो अभ्यासात मागे पडला तो पडलाच, दहावीला जेमतेम निघाला आणि आज सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पण तो शाळेतून गळाला नाही, याचे श्रेय माझ्याकडे येत नाही.

मी हे का सांगतो? मी आंबेडकरवादी म्हणवतो. ठक्करांना लिहिलेले पत्र मी तेव्हाही वाचलेले होते, त्यावर व्याख्यान दिलेले होते. तरीही माझ्या ताब्यातील एक मूल चुकले, तेव्हा मी सरळ पहिल्या पंथात जाऊन बसलो: दोष मुलाचा, उपाय शिक्षा. मी त्याच समाजातला, त्याच तऱ्हेच्या वस्तीत वाढलेला. पण म्हणून मला दिसले असे झाले नाही. ती मुलगीही त्याच समाजातली. तिला दिसले, कारण दिसावे कसे हे तिला कोणीतरी दोन वर्षे घोटून शिकवीत होते. आपल्या माणसाला आपले दुःख आपोआप कळते, हा आपला एक लाडका समज आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रेम घरून येते. तारखा ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

भगवान बुद्धांची एक कथा आपण वसतिगृहात मुलांना सांगतो. अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी बघत नव्हते. बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले, उचलून नीट निजवले. आपण कथा येथेच थांबवतो आणि मुलांना करुणा शिकवल्याचे समाधान मानतो. विनयात कथा पुढे जाते. बुद्ध भिक्खूंना एकत्र बोलावून विचारतात की, याच्याजवळ कोणी का नव्हते. आणि मग आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करायची, शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत, याचे नियम घालून देतात. मला या कथेतील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्याच जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली जामखेडला काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांत कित्येक निरक्षर आणि कित्येक आपल्या समाजातल्या होत्या. या बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावी जाऊन बाळंतपणे, लहान मुलांची वजने, क्षय, कुष्ठरोग यांचे काम पाहत. कालपर्यंत जिला उंबऱ्याबाहेर उभे करीत, तिलाच आजारी मुलासाठी घरात बोलवावे लागू लागले. हातपंपांच्या जागा ठरवताना त्या दलित वस्तीत याव्यात अशी योजना आरोळ्यांनी केली, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तेथे येणे भाग पडेल. परिस्थिती बदलणे याला म्हणतात. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातील लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. त्या बायकांकडे पदवी नव्हती, हे खरे. 'म्हणजे पदवी लागत नाही' असे जे म्हणतात, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, त्यांचे शिक्षण वर्षानुवर्षे थांबले नाही. आपल्या एम.एस.डब्ल्यू. झालेल्या किती जणांचे शिक्षण पदवीनंतर पुढे चालू राहते?

तेव्हा या पदवीची भलामण डोळे मिटून करावी असे मला वाटत नाही. आपल्या शाळेचे जे विद्यार्थी या क्षेत्रात गेले, त्यांच्याशी मी वेळोवेळी बोललो आहे. एकीने सांगितले, क्षेत्रकार्याच्या गावात पहिल्या दिवशी ओट्यावर चहा आला, मग आडनाव विचारले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून गप्पा अंगणातून झाल्या. अहवालात तिने लिहिले, 'ग्रामस्थांशी सुसंवाद प्रस्थापित झाला'. तसेच लिहायचे असते, असे तिला वाटले होते. दुसऱ्याला वर्गात 'मागास वस्तीचे प्रश्न' या विषयावर सादरीकरण करावे लागले. वस्ती त्याच्या मामाची होती. आपण अभ्यासणारे की अभ्यासले जाणारे, या पेचातून ही मुले दोन वर्षे जातात आणि त्यावर बोलायला त्यांना कोणी नसते. पदवीनंतर अकरा महिन्यांचे कंत्राट, प्रकल्पाचा निधी संपला की घरी. सहा-सहा प्रकल्पांत काम केलेला आपला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, मी समाजाचं नाही, फॉर्मचं काम करतो."

नोकऱ्या नाहीतच असेही नाही. पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४९ ने केली होती. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. बालन्याय, कौटुंबिक हिंसाचार, दिव्यांग कल्याण यांच्या कायद्यांनी व योजनांनी पदे निर्माण केली आहेत. पण वकिलांना जशी बार कौन्सिल, तशी सर्व समाजकार्यकर्त्यांची म्हणून वैधानिक परिषद या देशात नाही. परिणामी ज्या जागेवर प्रशिक्षित माणूस हवा, तेथे कोणालाही बसवता येते. आपल्या संस्थांची वसतिगृहे तरी याला कुठे अपवाद आहेत? अधीक्षक नेमताना आपण काय पाहतो, हे आपण सर्व जाणतो.

पैशाची अडचण वेगळीच. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मुळे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाच्या काळात, १९४४ मध्ये आहेत. पण शिष्यवृत्ती उशिरा येते आणि संस्था फी आधी मागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, तो याच शिष्यवृत्तीधारकांची शुल्कसवलत काढून घेतली म्हणून. समाजकार्य शिकवणाऱ्या देशातील सर्वांत जुन्या संस्थेत हे घडावे, याचे मला वाईट वाटले. आणि फीपेक्षाही बारीक खर्च मुलांना नडतो: आठवड्यातून दोनदा खेड्यावर जायचे एस.टी.चे भाडे, अहवाल टंकलिखित करण्याचे पैसे, गावात मुक्काम करायची वेळ आली तर खोली. मुलींना आता अर्धे तिकीट आहे, तेवढाच दिलासा.

हे सर्व जमेस धरूनही मी त्या गृहस्थांना आज पुन्हा 'करू द्या' असेच म्हणेन, आणि आता कारण सांगेन. आपल्या जिल्ह्याचे नाव गेल्या दशकात देशभर कशासाठी गाजले, ते वाचकांना ठाऊक आहे. २०१३ च्या पहिल्याच दिवशी सोनई परिसरात तिघांचे हत्याकांड झाले. एप्रिल २०१४ मध्ये खर्ड्याला एका सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. आपण मोर्चे काढले. मीही त्यांत चाललो. सोनईच्या खटल्यात शिक्षा झाल्या. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर होत गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. मोर्चा एका दिवसाचा होता. साक्षीदाराला त्याच गावात, त्याच किराणा दुकानासमोर, त्याच मालकाच्या रानात साडेतीन वर्षे काढायची होती. त्या साडेतीन वर्षांत त्याच्याजवळ कोण बसले?

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. १९९५ च्या नियमांत साक्षीदाराचा प्रवासखर्च आहे, अर्थसाहाय्य आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समिती आहे आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी अशी तरतूद आहे. हे सगळे कागदावर आहे. ते कागदावरून उतरवायला अर्ज लिहिणारा, तारखा सांभाळणारा, घाबरलेल्या माणसाचे ऐकून घेणारा, पोलीस ठाण्यात आवाज न चढवता मुद्दा न सोडणारा माणूस लागतो. भाषण करणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी १९३२ च्या पत्रात खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्यांचे जे दळ मागितले होते, ते हेच. आणि दळ म्हटले की कवायत आली. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत राजकारण प्रवेशासाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले, सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे त्याची व्यवस्था सोपवली. विद्यार्थी अवघे पंधरा. त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याला, शिकलेल्या लोकांनी आपला विश्वासघात केला, अशी व्यथा त्यांनी बोलून दाखवली होती; आणि तीन-चार महिन्यांत शिकलेल्यांसाठी आणखी एक शाळा काढली. महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांत, मार्च १९५७ पर्यंत, ती बंद पडली. तिचे नाव आपल्या भाषणांत क्वचितच येते.

आता थोडे आपल्या शाळेपुरते. सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारायचा प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही. माजी विद्यार्थ्यांनी हौसेने पैसे दिले आहेत. पण त्याच निधीतून दोन गोष्टी व्हाव्यात, असे माझे म्हणणे आहे. वसतिगृहासाठी एम.एस.डब्ल्यू. झालेली एक व्यक्ती पूर्ण वेळ नेमावी, तीही मानधनावर नव्हे तर पगारावर. आणि आपल्या शाळेची जी मुले-मुली समाजकार्याला जातील, त्यांच्या क्षेत्रकार्याचा प्रवास व मुक्काम यांचा खर्च दोन वर्षे उचलावा. रक्कम फार मोठी नाही. नोकरीत स्थिरावलेल्या पाच-सहा माजी विद्यार्थ्यांनी एकेकाचा भार घेतला, तरी भागेल. त्या बदल्यात या मुलांनी महिन्यातून एक रविवार वसतिगृहात यावे, एवढी अट असावी.

पाथर्डीच्या त्या गृहस्थांची मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे. तिला क्षेत्रकार्यासाठी एक ऊसतोड मजुरांचा तळ मिळाला आहे. वडील अजूनही पुरते राजी नाहीत, पण मागच्या भेटीत त्यांनी मला विचारले की, हंगामी वसतिगृहाचा अर्ज कुठे मिळतो. त्यांच्या वस्तीवर चार घरे टोळीत गेली आहेत. मी त्यांना मुलीलाच विचारायला सांगितले. कमानीचे अंदाजपत्रक कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत यायचे आहे. त्याच बैठकीत वरील दोन विषय घ्यावेत, असा लेखी अर्ज मी सचिवांकडे दिला आहे.